आधी संस्कृत, मोडी नंतर

एम.ए.ला प्रवेश मिळाला, अभिनंदन! मोडीच्या वर्गाकडे मात्र लगेच धावू नकोस. पुण्यात नवखे हमखास तेच करतात (मीही केलं). मोडी पेशवे दप्तराला लागते. तुला हवेत चालुक्य-राष्ट्रकूट राजांचे कोरीव लेख, म्हणजे आधी संस्कृत, मग थोडी प्राकृत. हळेकन्नड (जुनी कन्नड) सध्या राहू दे.

- रोज मूळ पाठाच्या पाच ओळी वाच, भाषांतर झाकून.
- इसवी सन काढायला शकात 78 मिळव. जानेवारी ते मार्चमधली तिथी असेल तर 79.
- स्तुतीला हिशेब समजू नकोस. ऐहोळेची प्रशस्ती, म्हणजे कोरलेला स्तुतिलेख (शके 556), चालुक्य राजा दुसऱ्या पुलकेशीला तीन महाराष्ट्रकांची (महाराष्ट्राच्या तीन भागांची) 99,000 गावं देते. ती कोणी मोजली होती?

बनावट ताम्रपटांचं पुढच्या वर्षी बघू. रविवारी पाताळेश्वरच्या लेण्याला जाऊन ये, वही घेऊन.