न्यूकॅसलने पैसे ओतले, म्हणूनच ते परत वर आले का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: २०१६ साली न्यूकॅसल हा फुटबॉल क्लब प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतून, खाली गेला, त्यांनी चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या श्रेणीत, पैसा ओतला आणि वर्षभरात परत आलं. २०१७ साली आपलं संडरलँड खाली गेलं, खिशात दमडी नव्हती, म्हणून आणखी एक पायरी घसरून तिसऱ्या श्रेणीत पोचलं. यात पैशापलीकडे काही आहे का?

आहे, आणि बरंच आहे. केविन फिलिप्सने १९९९-२००० च्या मोसमात ३० गोल मारले तेव्हापासून मी या क्लबच्या मागे आहे. त्यामुळे पुढचं लिहिताना त्रास होतोय, पण त्या वेळी शेजाऱ्यांनी काम आपल्यापेक्षा चांगलं केलं, हे मान्य करायलाच हवं.

आधी ११ मे २०१६ ची रात्र आठव. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. एव्हर्टनविरुद्ध व्हॅन आनहोल्टचा एक आणि लामिन कोनेचे दोन गोल, ३-०. आपण वाचलो आणि त्याच निकालाने न्यूकॅसल खाली गेलं. शेवटी आपले ३९ गुण झाले, त्यांचे ३७. मी कोल्हापूरचा आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार हे तालमींचे फुटबॉल संघ समोरासमोर आले की काय वातावरण असतं ते पाहत मोठा झालोय, त्यामुळे शेजाऱ्याला हरवण्याचा आनंद मला समजावून सांगावा लागत नाही. न्यूकॅसल आणि संडरलँडमधलं अंतर जेमतेम वीस किलोमीटर, आपल्या इचलकरंजीहून जवळ. त्या रात्री मी झोपलोच नाही. पण आज मागे वळून बघतो तेव्हा वाटतं, आपली घसरण त्याच उन्हाळ्यात सुरू झाली.

आता पैशाचा हिशेब. त्या उन्हाळ्यात न्यूकॅसलने मुसा सिसोको टॉटनहॅमला ३ कोटी पौंडांना विकला, वाइनाल्डम लिव्हरपूलला अडीच कोटींना, टाउनसेंड क्रिस्टल पॅलेसला १ कोटी ३० लाखांना, यानमाट वॉटफर्डला ७५ लाखांच्या आसपास. या चौघांचेच साडेसात कोटींवर जातात. घेतलेल्यांत सगळ्यात महाग मॅट रिची, सुमारे १ कोटी २० लाख, आणि ड्वाइट गेल, सुमारे १ कोटी. बाकीचे साधारण पन्नास लाख किंवा त्याहून कमी किमतीचे. म्हणजे खेळाडूंच्या खरेदी-विक्रीत त्या वर्षी न्यूकॅसलच्या हातात पैसे उरले. 'ओतले' हा शब्द तिथे बसत नाही.

तो बसतो पगारात. २०१६-१७ मध्ये त्यांचा पगारखर्च, बढतीचे बोनस वगैरे धरून, सुमारे ११ कोटी २० लाख पौंडांवर गेला. क्लबचं त्या वर्षीचं एकूण उत्पन्नही तेवढं नव्हतं. दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबने तोवर इतका पगार दिला नव्हता. चाहते भांडतात ते खरेदीच्या आकड्यांवरून, कारण ते बातमीत येतात. पगाराचा आकडा वर्ष-दीड वर्षाने हिशेबात उमटतो, आणि तोवर लोकांचं मत बनून गेलेलं असतं. शेजारचा क्लब किती खर्च करतोय हे बघायचं तर आधी पगार बघ.

एवढा पगार परवडला, त्यात पॅराशूट पेमेंटचा वाटा मोठा. प्रीमियर लीगमधून खाली जाणाऱ्या क्लबला टीव्हीच्या समान वाट्यातला पहिल्या वर्षी ५५ टक्के, दुसऱ्या वर्षी ४५ आणि तिसऱ्या वर्षी २० टक्के हिस्सा मिळतो. तिसरं वर्ष फक्त त्यांना, जे एकापेक्षा जास्त मोसम वर होते. पहिल्या वर्षी हे चार कोटी पौंडांच्या पुढे जातं. चॅम्पियनशिपमधल्या बाकीच्या क्लबांच्या दृष्टीने हा अन्याय आहे, आणि त्यांची तक्रार मला पटते. पण आपण ती करू शकत नाही. पुढच्याच वर्षी तेच पैसे आपल्यालाही मिळाले. इतकंच काय, आपण २०१८-१९ मध्ये तिसऱ्या श्रेणीत खेळत होतो तेव्हाही दुसऱ्या वर्षाचा हप्ता आला, साडेतीन कोटींच्या आसपास.

म्हणून 'पैसा नव्हता' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. २०१७ मध्ये आपल्याकडेही पॅराशूट होतं. जॉर्डन पिकफर्ड एव्हर्टनला अडीच कोटींना गेला, पुढे तीन कोटींपर्यंत वाढेल अशा करारावर. तो आपल्याच अकादमीतला पोरगा, आठव्या वर्षापासून आपल्याकडे, म्हणजे हिशेबात ती सगळी रक्कम निव्वळ नफा. आणि आपला तेव्हाचा प्रशिक्षक सायमन ग्रेसन याला नवे खेळाडू घ्यायला किती मिळाले? साधारण साडेबारा लाख. क्लबवर दहा कोटींहून जास्त कर्ज होतं, मालक एलिस शॉर्टला बाहेर पडायचं होतं. पैसा आला आणि आधीच्या खड्ड्यात गेला.

तो खड्डा कसा पडला, हा तुझ्या प्रश्नाचा गाभा. जॅक रॉडवेलचं उदाहरण सगळ्यांच्या तोंडी आहे, तरी पुन्हा सांगतो. २०१४ मध्ये त्याला मँचेस्टर सिटीकडून १ कोटीला घेतलं, पाच वर्षांचा करार, आठवड्याला ७० हजार पौंड असं तेव्हापासून छापून येत आलंय. क्लब खाली गेल्यास पगार कमी होईल असं कलम त्या करारात नव्हतं. आता गुणाकार कर. वर्षाचे ३६ लाखांच्या वर. म्हणजे चॅम्पियनशिपमध्ये जवळपास न खेळलेल्या एका माणसाच्या पगारात ग्रेसनने सगळा संघ उभा करायला वापरले त्याच्या जवळजवळ तिप्पट पैसे गेले. लोक रॉडवेलला शिव्या घालतात. मी घालत नाही. समोर ठेवलेल्या करारावर त्याने सही केली, ते कलम लिहायचं काम क्लबचं होतं. दुसरीकडे जर्मेन डीफो. २०१६-१७ मध्ये प्रीमियर लीगमध्ये त्याने १५ गोल मारले, आणि क्लब खाली गेल्यास फुकट जाता येईल असं कलम त्याच्या करारात होतं. तो बोर्नमथला गेला, आपल्या हाती एक पेनी आली नाही. एका करारात कलम नाही म्हणून बुडालो, दुसऱ्यात आहे म्हणून बुडालो. दोन्हींवर सह्या झाल्या तेव्हा क्लब प्रीमियर लीगमध्येच होता.

आता न्यूकॅसलने कुणाला घेतलं ते बघ. रिचीने २०१४-१५ मध्ये बोर्नमथबरोबर चॅम्पियनशिप जिंकली होती. मोहामेद दियामेने मे २०१६ मध्ये वेम्बलीवर हल सिटी क्लबला प्रीमियर लीगमध्ये नेणारा एकमेव गोल मारला होता. आयझॅक हेडन त्याच हल सिटीकडे लोनवर, म्हणजे उसना, खेळला होता. डॅरिल मर्फी इप्सविचकडून २०१४-१५ मध्ये २७ गोल मारून त्या श्रेणीत पहिला आला होता. ग्रँट हॅनली ब्लॅकबर्नचा. यातला एकही खेळाडू पोस्टरवर लावण्यासाठी घेतलेला नाही. शनिवार-मंगळवार-शनिवार ४६ सामने खेळायचे, डिसेंबरात चिखलात बार्न्सली-बर्टनला जायचं, हे ज्यांनी आधी केलंय अशी माणसं हेरून घेतली. वर जमाल लासेल्ससारख्या बावीस वर्षांच्या पोराला कप्तान केलं. गेलने लीगमध्ये २३ गोल मारले.

आणि हे सगळं कोण ठरवत होतं? प्रशिक्षक राफा बेनितेझ. रिअल माद्रिदला मार्गदर्शन केलेला माणूस दुसऱ्या श्रेणीत थांबला, खेळाडू निवडताना आपला शब्द चालेल या अटीवर. क्लब खाली गेल्यावर दोन आठवड्यांत त्याचा निर्णय पक्का झाला आणि १ जुलैला गेल व रिची दोघेही आले. सुरुवात वाईटच झाली, फुलहॅमकडे आणि मग घरी हडर्सफील्डकडून हरले. पण कुणी घाबरून दिशा बदलली नाही.

त्याच उन्हाळ्यात आपल्याकडे काय चाललं होतं? आपला प्रशिक्षक सॅम अॅलरडाइस, ज्याने आपल्याला वाचवलं, तो जुलैमध्ये इंग्लंडचा प्रशिक्षक झाला. तिथे तो एक सामना आणि ६७ दिवस टिकला, आपण मात्र बांधत आणलेला संघ गमावला. त्याच्या जागी डेव्हिड मॉइस आला तेव्हा जुलै संपत आला होता. मग घाईघाईत पापी जिलोबोजी ८० लाखांना आणि ३१ ऑगस्टला दिदिए एनडाँग १ कोटी ३६ लाखांना, जो आपला तेव्हाचा विक्रम. सिसोको न्यूकॅसलमधून ३ कोटींना गेला तोही ३१ ऑगस्टलाच. एकाच दिवशी शेजाऱ्यांनी नको असलेला खेळाडू भारी किमतीला विकला आणि आपण क्लबच्या इतिहासातली सर्वात मोठी रक्कम एका अनोळखी मिडफिल्डरवर लावली. दोन वर्षांनी जिलोबोजी आणि एनडाँग दोघंही क्लबशी भांडूनच बाहेर पडले आणि त्यांच्यातून मूळ रक्कमही वसूल झाली नाही. त्या वर्षी प्रीमियर लीगमध्ये आपण होतो आणि चॅम्पियनशिपमध्ये ते, पण उन्हाळा कुणी जिंकला हे उघड आहे.

२४ एप्रिल २०१७, प्रेस्टनला ४-१ हरवून न्यूकॅसलची बढती पक्की. २९ एप्रिल, बोर्नमथकडून ०-१ हरून आपण बाहेर, मोसमअखेर गुण फक्त २४. मधे पाच दिवस.

तरीही तू म्हणशील, पैसेवाल्याला हे सगळं जमतं. म्हणून अॅस्टन व्हिला बघ. तेही २०१६ मध्येच खाली गेले, फक्त १७ गुण घेऊन. नवा मालक टोनी शिया आला, पॅराशूट होतंच. रॉस मॅकॉर्मक १ कोटी २० लाखांना, योनाथन कोजिया त्याच्याच जवळपास, जेम्स चेस्टर ८० लाखांना, शिवाय जेडिनाक, अॅडोमा. खरेदीवर न्यूकॅसलच्या तोडीचा खर्च, आणि विक्री मात्र तशी नाही. प्रशिक्षक दी मात्तेओला ऑक्टोबरमध्येच काढलं, शेवटी क्लब तेरावा आला. मॅकॉर्मक एका सरावाला आला नाही, कारण घराचं फाटक उघडत नव्हतं म्हणे, आणि नवा प्रशिक्षक स्टीव्ह ब्रूसने ते पत्रकारांसमोर सांगून टाकलं. २०१८ ची प्लेऑफ फायनल, म्हणजे बढतीची शेवटची जागा ठरवणारा सामना, फुलहॅमकडून हरल्यावर तर कर भरायला पैसे नाहीत अशी वेळ आली, नवे मालक आले म्हणून क्लब तरला. न्यूकॅसल आणि व्हिला एकाच वर्षी, सारख्याच फायद्यांनिशी खाली गेले. एक पहिला, एक तेरावा.

पुढच्या वेळी असा हिशेब मांडताना एक तांत्रिक मुद्दा लक्षात ठेव, कारण त्यावर नेहमी गोंधळ होतो. १ कोटी २० लाखांचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर हिशेबात दरवर्षी २४ लाखच धरले जातात. विकलेल्या खेळाडूचा नफा मात्र त्याच वर्षी पूर्ण दाखवता येतो. चॅम्पियनशिपमध्ये त्या काळी तीन वर्षांत ३ कोटी ९० लाखांपेक्षा जास्त तोटा चालत नव्हता, पण त्या तीनपैकी प्रीमियर लीगमधल्या प्रत्येक वर्षाला साडेतीन कोटींची मुभा असायची. म्हणून नुकताच खाली आलेला क्लब पहिल्या वर्षी ढील देऊ शकायचा आणि तिसऱ्या वर्षी गळ्याशी यायचं. 'हे नियमात कसं बसतं' असं कुणी विचारलं तर बहुतेक वेळा उत्तर इथेच सापडतं.

आपल्या २०१७-१८ बद्दल मी थोडकंच लिहितो, कारण अजून दुखतं. लुइस ग्रॅबन बोर्नमथकडून लोनवर आला, त्याने १२ गोल मारले आणि जानेवारीत त्याच्या क्लबने त्याला परत बोलावलं. त्यांनी त्याला लगेच व्हिलाला दिलं. आपला सर्वात जास्त गोल मारणारा माणूस, आणि त्याच्यावर आपला हक्कच नव्हता. जेम्स व्हॉनही त्याच महिन्यात गेला. घरच्या मैदानावर जवळजवळ वर्षभर विजय नाही. २१ एप्रिल २०१८ ला बर्टनकडून १-२ हरून तिसऱ्या श्रेणीत, बर्टनच्या बाजूने एक गोल मारणारा आपलाच जुना डॅरेन बेंट. ग्रेसन किंवा नंतरचा कोलमन यांना मी दोष देत नाही. दुसऱ्यांच्या भरवशावर उभारलेला संघ त्यांच्या हाती दिला होता.

तिथून बाहेर पडायला चार मोसम लागले, मग २०२२ मध्ये वेम्बलीवरच्या प्लेऑफ फायनलमध्ये विकमला २-० हरवलं. आणि २०२५ चं तुला आठवतच असेल. प्रीमियर लीगच्या बढतीसाठीच्या प्लेऑफमध्ये कॉव्हेंट्रीविरुद्ध १२२ व्या मिनिटाला बॅलार्डचा डोक्याने गोल, आणि फायनलमध्ये शेफील्ड युनायटेडविरुद्ध ९५ व्या मिनिटाला टॉम वॉटसनचा. तो संघ तरुण पोरांचा, डॅन नील आणि ख्रिस रिग आपल्याच अकादमीतले, बाकी बरेचसे विशीच्या आतबाहेर घेतलेले. वॉटसनची ब्रायटनशी १ कोटीची बोलणी त्या सामन्याआधीच पक्की झाली होती. बऱ्याच जणांना तेव्हा राग आला होता, आपला पोरगा बढतीआधीच कसा विकला म्हणून. मला नाही आला. किंमत आपण ठरवली होती, वेळ आपण ठरवली होती, आणि जायच्या आधी त्याने आपल्याला वर नेलं. डीफोच्या वेळी यातलं काहीच आपल्या हातात नव्हतं.