पोस्टिंग अंदमानात, घर साताऱ्यात: घरच्यांची एलटीसी बुडते का?

प्रश्न: मी केंद्र सरकारी कर्मचारी, पोस्टिंग पोर्ट ब्लेअरला (आताचं श्री विजयपुरम). पत्नी, दोन मुलं आणि आई साताऱ्याला असतात. 2022 आणि 2024 मध्ये मी एकटाच एलटीसीवर (सरकारी खर्चाने रजा प्रवास सवलत) गावी आलो. 2025 मध्ये अ‍ॅडव्हान्स घेऊन सगळे केरळला जाऊन आलो. आता आस्थापना शाखा म्हणते, तुम्ही ‘फक्त स्वतःपुरती’ सवलत घेतलीत, सगळी रक्कम परत भरा.

उत्तर: शाखा म्हणते तो नियम खरा आहे, पण तुमच्या तारखा त्यात बसत नाहीत.

1988 च्या एलटीसी नियमांनुसार, ज्याचं कुटुंब मूळ गावी राहतं त्याला दरवर्षी एकट्याने गावी जाता येतं. मात्र त्या बदल्यात स्वतःच्या आणि घरच्यांच्या बाकी सगळ्या सवलतींवर पाणी सोडावं लागतं. चार वर्षांतून एकदा मिळणारी ‘भारतात कुठेही’ची सवलतही त्यात गेली. तुमची 2022 ची फेरी 2022-23 च्या ब्लॉकमधली (दोन वर्षांचा ठरलेला कालखंड), 2024 ची 2024-25 मधली. दोन वर्षांतून एकदा, म्हणजे ही साधी होमटाऊन एलटीसी झाली. मध्ये 2023 लाही गेला असतात तर मीसुद्धा शाखेचीच बाजू घेतली असती. कुटुंबाने तुमच्यासोबतच प्रवास करावा असं बंधन नाही, त्यामुळे त्यांचा हक्क शिल्लक आहे.

 

आधी दोन्ही फेऱ्यांचे अर्ज, मंजुरी आदेश आणि सर्व्हिस बुकातल्या नोंदी मिळवा. देत नसतील तर माहिती अधिकारात मागा. ‘दरवर्षी स्वतःपुरती’ असा पर्याय तुमच्या सहीने लिहिलेला सापडला, तर वाद घालू नका, पैसे भरा. नसेल तर या कागदांसह लेखी निवेदन द्या.

त्या निवेदनात स्वतःचं केरळचं भाडं मागू नका. तुमच्या दोन्ही फेऱ्या वापरून झाल्या आहेत. तेवढी रक्कम परत करा, बाकीचा दावा स्वच्छ होईल. आईंचं मात्र नीट तपासा. त्यांना फॅमिली पेन्शन असेल तर ती उत्पन्नात धरतात, आणि महिना 9,000 रुपये अधिक त्यावरचा महागाई भत्ता यापेक्षा जास्त उत्पन्न असलं की त्या ‘अवलंबून’ ठरत नाहीत. बिलं इथेच अडकतात.

निवेदन फेटाळलं, किंवा सहा महिने उत्तरच आलं नाही, तर तिथून एका वर्षाच्या आत कॅटमध्ये (केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण) जाता येतं. तुमच्यासाठी कोलकाता खंडपीठ. त्याचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) श्री विजयपुरमलाच बसतं. पगारातून कपात सुरू झाली असेल तर अर्जासोबत अंतरिम स्थगितीही मागा.