बंब, वाफेचा हत्ती आणि टोपीवरची चाकं

प्रश्न : माझा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या फेस्टला 'स्टीमपंक' थीम आहे म्हणे, म्हणून त्याने टोपीवर जुन्या घड्याळाची चाकं चिकटवलीत, गॉगल आणलाय आणि आता सासूबाईंचा माळ्यावरचा तांब्याचा बंब मागतोय, कापून पाठीवर बांधायला! हे नक्की काय प्रकरण आहे? मध्ये 'ह्युगो' पाहिला, त्यात सगळीकडे चाकंच चाकं होती, तो स्टीमपंक का? आणि यात पंक कुठून आलं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, पोराची नजर चांगली आहे हो, बंब म्हणजे अगदी स्टीमपंकच दिसतो. तांब्याचं पोट, पितळी तोटी, मधून गेलेली चिमणी, खाली राखेची जाळी, बंबफोड टाकला की धूर कुठून जातो आणि पाणी कुठे तापतं ते सगळं डोळ्यांना दिसतं. आपल्या मोबाईलमध्ये काय दिसतं? काच. या सगळ्या प्रकारात लोकांना जी मजा वाटते ना त्यातली निम्मी इथेच आहे, की मशीन कसं चालतंय ते समोर दिसतं.

स्टीमपंक हा गोष्टींचा आणि सिनेमांचा एक प्रकार, पण नुसतं जुनं मशीन दाखवलं की झालं स्टीमपंक, असं नाहीये. त्यात एक 'समजा' लागतो. समजा वाफेचं युग संपलंच नसतं तर, किंवा कॉम्प्युटर शंभर वर्षं आधीच आला असता तर? यातलं दुसरं तर खरंच होता होता राहिलं. चार्ल्स बॅबेज नावाच्या इंग्रज गणितज्ञाने 1820च्या दशकात दांडा फिरवून आकडेमोड करणारं 'डिफरन्स इंजिन' नावाचं पितळी चाकांचं यंत्र बनवायला घेतलं, सरकारने हजारो पौंड घातले, कारागिराशी भांडणं झाली, पैसा संपला आणि शेवटी 1842 मध्ये सरकारने हात वर केले. विल्यम गिब्सन आणि ब्रूस स्टर्लिंग या दोघांनी 1990 मध्ये 'द डिफरन्स इंजिन' ही कादंबरी लिहिली त्यात हे यंत्र यशस्वी होतं, मग 1855 चं लंडन आणि तिथे सरकारकडे भोकं पाडलेल्या पंचकार्डांवर लोकांची माहिती! गंमत म्हणजे पुढच्याच वर्षी लंडनच्या सायन्स म्युझियमने बॅबेजच्या नंतरच्या एका आराखड्यावरून यंत्राचा गणिताचा भाग खरोखर बांधला, आणि तो चालला.

'पंक' म्हणाल तर ती चक्क थट्टा आहे. 80च्या दशकात सायबरपंकचा, म्हणजे कॉम्प्युटर आणि हॅकरवाल्या भविष्यकथांचा बोलबाला होता, आणि के. डब्ल्यू. जेटर हा लेखक आणि त्याचे दोन मित्र व्हिक्टोरियन काळातल्या अचाट गोष्टी लिहीत होते, तर 1987 मध्ये त्याने 'लोकस' या विज्ञानकथांच्या मासिकाला पत्र लिहिलं की आमच्या या प्रकाराला काहीतरी नाव हवं, 'स्टीमपंक' कसं वाटतं? ते चिकटलं ते चिकटलंच. केस रंगवायचा काही संबंध नाही.

आता आपल्या जवळचं. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न या मंडळींचा आजोबा म्हणायचा. त्याची 1880 ची एक कादंबरी आहे, तिच्यात वाफेवर चालणारा पोलादी हत्ती चाकांवरची दोन घरं ओढत उत्तर हिंदुस्थानभर फिरतो, सोंडेतून धूर सोडत. आत साहेब लोक मजेत बसलेत आणि गोष्टीतला खलनायक कोण, तर आपले नानासाहेब पेशवे! वाचताना चिडचिड होते खरी. पण त्याच व्हर्नने आपल्या पाणबुडीवाल्या नायकाला, कॅप्टन निमोला बुंदेलखंडचा राजपुत्र आणि 1857 च्या लढ्यातला माणूस केलंय, हे विसरून चालणार नाही. 2003 च्या 'द लीग ऑफ एक्स्ट्राऑर्डिनरी जंटलमेन' या सिनेमामध्ये निमो नसीरुद्दीन शाह आहे, सिनेमा यथातथाच, पण तो पगडीवाला निमो बघाच. (व्हर्नची मूळ पाणबुडी मात्र वाफेवर नाही, विजेवर चालते!)

मला स्वतःला तेच स्टीमपंक आवडतं जिथे बॉयलरमध्ये कोळसा कोण टाकतंय तेही दिसतं. जपानी दिग्दर्शक मियाझाकीच्या 1986 च्या 'कॅसल इन द स्काय' या कार्टून सिनेमामध्ये तो पोरगा खाणीवर काम करतो, इंजिनाचा दट्ट्या, वाफ, काळे झालेले हात, आणि वर आभाळात उडणारी अवाढव्य जहाजं. मुलाबरोबर हा बघा. 'ह्युगो' मात्र माझ्या मते स्टीमपंक नाही, फार तर चुलतभाऊ. पॅरिसचं स्टेशन, 1931 साल, चित्र काढणारा यांत्रिक माणूस आहे खरा पण तसली यंत्रमाणसं तेव्हाही होतीच, इतिहास कुठे बदललेलाच नाही. काही लोक भांडतील यावर, भांडू देत.

टोपीवरच्या चाकांबद्दल मुलाला एवढंच विचारा, हे चाक फिरलं की पुढे काय होतं? इंजिनिअरिंगचा आहे, लावेल काहीतरी जुगाड. आणि बंब कापू देऊ नका हो, तांब्याचा भाव माहितीये ना! तोटी तेवढी काढून द्या, फेस्ट झाला की परत बसवून घ्या, आणि वायसर नवीन टाकायला सांगा, नाहीतर गळेल.