सीजीआरपी शून्य आलं म्हणून विषय सोडू नकोस

उंदरांच्या त्वचेत सीजीआरपी (न्यूरॉन, म्हणजे मज्जापेशी, सोडतात ते एक पेप्टाइड, छोटं प्रोटीन) शून्य आलं, आता विषय सोडू का, ही तुझी पोस्ट वाचून माझं पीएचडीचं तिसरं वर्ष आठवलं. इमिक्विमॉड क्रीम लावून सोरायसिससारखी सूज आणलेले उंदीर, त्यातल्या अर्ध्यांचे टीआरपीव्ही1 वाले (वेदना आणि उष्णता ओळखणारे) न्यूरॉन आरटीएक्स (त्यांना मारणारं विष) देऊन मारलेले, सगळ्यांच्याच त्वचेत सीजीआरपी शून्य, आणि गाईड म्हणतायत न्यूरॉनचा नाद सोड. सेम टू सेम. हॉट प्लेट (न्यूरॉन खरंच मेले का ते बघायची उष्णतेची टेस्ट) वगैरे तू केलंच असशील, त्यात जात नाही.

आधी सांग, एलायझाचा (सीजीआरपी मोजायच्या किटचा) स्टँडर्ड कर्व्ह, म्हणजे माहीत असलेल्या प्रमाणांचा आलेख, कसा आलाय? तू फक्त सॅम्पलचे आकडे टाकलेत. माझ्याकडे सगळ्यात जास्त कॉन्सन्ट्रेशनची वेलसुद्धा (प्लेटमधली खाच) ब्लँकइतकीच, म्हणजे सीजीआरपी न घातलेल्या वेलइतकीच, फिकट होती, म्हणजे उंदरांचा काही दोषच नाही, किटच मेलेलं. आणि ते मेलं आमच्या खरेदी विभागामुळे (नाव घेत नाही, अजून तिथल्याच लोकांशी काम पडतं). पार्सल एअरपोर्टवर पडलेलं, कस्टमच्या सवलतीच्या कागदावर सही आहे पण शिक्का नाही, शिक्का दुसऱ्या टेबलावर, आणि त्या टेबलावरचे साहेब रजेवर, फोन केला की "मॅडम, सोमवारी बघू". थर्माकोलचा डबा हातात आला तेव्हा किट गार ठेवायचे जेल पॅक वितळून लिबलिबीत, माहितीपत्रक ओलं. बदलून मागायला गेले तर रजिस्टर पुढे केलं, "माल मिळाला" लिहिलंय, खाली सही. झालं, विषय संपला त्यांच्या लेखी. म्हणून सांगते, डबा उघडून फोटो काढल्याशिवाय सही करायची नाही, आणि पॅक गरम असतील तर सहीशेजारीच तसं लिहायचं, कितीही तोंडं वाकडी झाली तरी.

किट ठीक असेल तर सॅम्पल बघ. सीजीआरपी पेप्टाइड आहे, टिश्यूतले एन्झाइम ते तोडतात, त्यामुळे सगळं बर्फावर आणि प्रोटीएज इनहिबिटर (त्या एन्झाइमना अडवणारं रसायन) सुरुवातीपासून हवा, नंतर घालून काही उपयोग नाही.

आता माझं मत, पटलं तर घे. तू सीजीआरपीवर उगाच अडून बसलायस. 2014 च्या 'नेचर'मधल्या पेपरात नोसिसेप्टर (हेच वेदनेचे न्यूरॉन) काढल्यावर इमिक्विमॉडची सूज कमी झाली ती त्वचेतल्या डेंड्रिटिक सेल्सकडून (रोगप्रतिकारक पेशींकडून) येणारं आयएल-23, म्हणजे सूज वाढवणारं प्रोटीन, कमी झालं म्हणून. मग तेच मोज ना आधी! आणि उलटा रिझल्ट आला तरी घाबरू नकोस, 2018 मध्ये फुप्फुसातल्या स्टॅफ ऑरियसच्या इन्फेक्शनमध्ये हेच न्यूरॉन न्यूट्रोफिल्सना (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) आवरून धरतात असं दिसलंय, म्हणजे अवयव बदलला की गणित बदलतं. माझं काम फक्त त्वचेवर झालंय, आतड्याबद्दल मला विचारू नकोस.

आणि हो, आरटीएक्स दिल्यावर लगेच क्रीम सुरू करू नकोस, मरताना ते न्यूरॉन स्वतःच पेप्टाइड सोडतात, सगळा घोळ होतो.

आयएल-23 साठी क्यूपीसीआर (जीन किती चालू आहे ते मोजणारी टेस्ट) कर. त्याला लागणारे प्रायमर (डीएनएचे छोटे तुकडे) कोरडे येतात, साध्या पाकिटात, रूम टेंपरेचरला, कस्टमची भानगडच नाही. तोवर स्टँडर्डचे ओडी (रंग किती गडद आला त्याचे आकडे) टाक इथे, बघते.