वडिलांची डिस्क विंडोजवर उघडत नाही, ती फॉरमॅट करावी का?

प्रश्न : माझे वडील निवृत्त शिक्षक असून त्यांनी गेली दहा वर्षे जात्यावरच्या ओव्या गोळा करून उबंटूवर चालणाऱ्या संगणकावर टाइप करून ठेवल्या आहेत. गेल्या महिन्यात त्या संगणकाचा मदरबोर्ड जळाला. दुरुस्तीवाल्यांनी ५०० जीबीची हार्ड डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून दिली, पण ती माझ्या विंडोज ११च्या लॅपटॉपला जोडली की ‘वापरण्यापूर्वी डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असा संदेश येतो. ‘आधी फॉरमॅट करा, मग आम्ही डेटा रिकव्हर करून देतो,’ असे ते म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : सर्वांत आधी ‘कॅन्सल’ दाबा आणि घरात तो लॅपटॉप जे कोणी वापरतात त्यांनाही तसे बजावून ठेवा. आपल्या वर्णनावरून डिस्क बिघडल्याचे काहीही दिसत नाही. उबंटू हा लिनक्स या कार्यप्रणालीचा (ऑपरेटिंग सिस्टिमचा) एक प्रकार आहे. ते आपल्या फायली सहसा ‘एक्स्ट-४’ या पद्धतीने मांडते, तर विंडोजला मुळात एनटीएफएस, फॅट, एक्सफॅट अशा मोजक्याच मांडण्या वाचता येतात. एनटीएफएस असलेल्या विभागाच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये ‘एनटीएफएस’ ही अक्षरे लिहिलेली असतात; एक्स्ट-४ मात्र सुरुवातीचे १०२४ बाइट सोडून देते आणि सगळ्या मांडणीचा हिशेब सांगणारा सुपरब्लॉक त्यानंतर ठेवते. विंडोज सुरुवातीला पाहते, तिथे ओळखीची खूण सापडत नाही, आणि भरलेली डिस्क त्याला कोरी वाटते.

दुरुस्तीवाल्यांचा सल्ला मला मुळीच मान्य नाही, आणि तो इतक्या सर्रास दिला जातो याचे वाईट वाटते. क्विक फॉरमॅट केल्यास जुन्या मांडणीवर नवी मांडणी लिहिली जाते. एक्स्ट-४ सुपरब्लॉकच्या प्रती डिस्कवर इतरत्रही ठेवत असल्यामुळे त्यानंतर बरेच काही परत मिळू शकते, पण फायलींची आणि फोल्डरांची नावे शाबूत राहतील याची हमी कोणी देऊ शकत नाही. ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केले तर विंडोज व्हिस्टापासून पुढे त्या संपूर्ण विभागावर शून्ये लिहिली जातात आणि मग कोणतेही रिकव्हरी सॉफ्टवेअर कामाला येत नाही. जी डिस्क नुसती वाचायची आहे ती आधी पुसायची कशासाठी?

खात्रीचा मार्ग हा, की लिनक्सची डिस्क लिनक्सकडूनच वाचून घ्यावी, आणि त्यासाठी लॅपटॉपवर लिनक्स बसवावे लागत नाही. उबंटूच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (संपूर्ण उबंटू सामावणारी एकच फाइल) डाउनलोड करा आणि रूफस या मोफत प्रोग्रॅमने ती १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. पेनड्राइव्हवरचे जुने सर्व काही यात पुसले जाते, म्हणून रूफस चालू असताना वडिलांची डिस्क लॅपटॉपला जोडलेली नसावी. चुकीचे नाव निवडले जाण्याचा धोकाच नको. मग लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करून ‘ट्राय उबंटू’ हा पर्याय घ्या आणि त्यानंतर डिस्क जोडा. तिच्यातील ‘होम’ फोल्डरमध्ये वडिलांच्या लॉगिनच्या नावाचे फोल्डर दिसेल. ओव्या बहुधा तिथेच असतील. त्या फोल्डरवर कुलपाची खूण दिसली तरी घाबरू नका. फायलींची मालकी जुन्या संगणकावरील वापरकर्त्याच्या नावे असते इतकाच तिचा अर्थ, आणि टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) कॉपीच्या आज्ञेआधी ‘सुडो’ हा प्रशासकाचे अधिकार देणारा शब्द लावल्यास त्या निघतात.

कॉपी लॅपटॉपच्या सी ड्राइव्हवर न घेता दुसऱ्या बाह्य डिस्कवर घ्यावी, कारण विंडोज ११च्या अनेक लॅपटॉपमध्ये सी ड्राइव्ह बिटलॉकर या विंडोजच्याच सोयीने कुलूपबंद असतो. पेनड्राइव्हवरून सुरू करण्यासाठी बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बदल केल्यास विंडोज बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते, तेव्हा ती आधीच कागदावर उतरवून ठेवा.

मराठी फायलींच्या बाबतीत एक अडचण हमखास येते. आपल्यापैकी अनेकजण विसर्गाऐवजी कीबोर्डवरचे अपूर्णविरामाचे चिन्ह टाइप करतात, त्यामुळे ‘दु:खाच्या ओव्या’ असे एखादे नाव पडलेले असते. लिनक्सला ते चालते. विंडोजला फायलीच्या नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह चालत नाही, आणि अशी फाइल कॉपी होताना अडते किंवा कॉपी झाली तरी विंडोजमध्ये उघडत नाही. म्हणून कॉपी संपल्यावर दोन्हीकडच्या फायलींची संख्या ताडून पाहा. संख्या कमी भरली तर राहिलेल्या फायली शोधून, दुसरे नाव देऊन पुन्हा कॉपी करा. मूळ डिस्कवरची नावे बदलू नका.

हे सगळे अवघड वाटत असेल तर डिस्कइंटरनल्स कंपनीचा ‘लिनक्स रीडर’ हा मोफत प्रोग्रॅम विंडोजवरच चालतो. तो एक्स्ट-४ फक्त वाचतो, डिस्कवर काही लिहीत नाही, म्हणून मी त्याचे नाव सुचवतो. विंडोजमधून लिनक्सच्या डिस्कवर लिहू देणारे जुने ड्रायव्हर मात्र अशा एकमेव प्रतीसाठी वापरू नयेत. वडिलांनी संगणकावर उबंटू बसवताना एन्क्रिप्शन (पासवर्डशिवाय डेटा वाचता येऊ नये अशी सोय) निवडले होते का, हे त्यांना विचारून घ्या. तसे असेल तर त्यांचा पासवर्ड लागेल आणि त्याशिवाय वरील दोन्ही मार्ग थांबतील.

फायली ओडीटी प्रकारच्या (नावाच्या शेवटी .odt असलेल्या) निघाल्या तर विंडोजवर लिबरऑफिस हा मोफत प्रोग्रॅम बसवा, त्यात त्या जशाच्या तशा उघडतील. मूळ डिस्क मात्र दोन ठिकाणी प्रती होऊन वडिलांनी स्वतः त्या उघडून पाहीपर्यंत तशीच बाजूला ठेवावी.