लॅपलंडमधला पहिला बेरीचा हंगाम

इथे लॅपलंडमध्ये, म्हणजे फिनलंडच्या उत्तर भागात, नव्या माणसाने सगळ्या बेऱ्यांच्या मागे लागू नये. यंदा हिल्ला, म्हणजे क्लाउडबेरी, एवढीच धर. जुलैअखेर ते ऑगस्टच्या सुरुवातीला दलदलीत पिकते आणि एका देठाला एकच फळ येतं.

सगळे इथेच फसतात: लाल दिसली की खुडतात. हिच्या बाबतीत उलटं आहे. लाल म्हणजे कच्ची, टणक. पिकली की पिवळसर केशरी आणि मऊ होते. मी पहिल्या वर्षी डबाभर लाल फळं आणली होती, घरात अजून हसतात!

पिशवी नको, बादली ने. पिशवीत घरी पोचेपर्यंत लगदा होतो. धुवायचीही नाही, फक्त कचरा निवडायचा. पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट हवेत, आणि डासांसाठी जाळीची टोपी. टोपी विसरलीस तर दहा मिनिटांत परत फिरशील. परवाना लागत नाही, पण कुणाच्या अंगणालगत खुडू नकोस. दलदलीत एकटी जाऊ नकोस. ओळख नसलेलं फळ तोंडात घालायचं नाही.

खायला मात्र सोपी. लेइपायूस्तो हे इथलं चीज गरम करून त्यावर थोडी साखर घातलेली हिल्ला टाक. उरलेली फ्रीजरमध्ये.

सप्टेंबरात लिंगनबेरी येईल. आंबट, किंचित तुरट. गूळ-मेथी घालून तिचा मेथांबा झकास होतो. त्याची कृती तेव्हा देईन, आधी बूट घे.