हिवाळ्यात नागपुरात पाण्याकाठून शहराच्या इमारतींचा फोटो कसा काढावा?

नाग नदीपेक्षा अंबाझरी तलाव गाठा. तिथे पाणी मोकळं मिळतं आणि शहर पूर्वेला येतं, त्यामुळे संध्याकाळचं ऊन थेट इमारतींवर पडतं. सकाळी मात्र जमिनीलगतच्या थंड हवेत धूर-धूळ अडकून राहते, लांबचं सगळं फिकट दिसतं.

डिसेंबरात सूर्य साडेपाचनंतर लगेच मावळतो. खरी मजा त्यानंतरच्या वीस मिनिटांत! आभाळ गडद निळं, खिडक्यांत दिवे लागलेले, आणि वारा पडला असेल तर पाण्यात त्यांच्या लांब पिवळ्या रेघा. तोवर कॅमेरा ट्रायपॉडवर तयार हवा. आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ ८, शटर उघडं ४ ते १० सेकंद, आणि बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) बंद करा, ट्रायपॉडवर त्यानेच कधीकधी फोटो हलतो. आणि स्वेटर न्याच, काठावर गारठा जास्त असतो.